स्लॅबच्या तारखेवरून उलटं मोजा: बीआयएम को-ऑर्डिनेशन साइटच्या कामी कसं आणायचं

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या कामावर दुसऱ्या मजल्याचं सेंटरिंग उतरवलं आणि दुसऱ्याच दिवशी प्लंबर मला शोधत आला. "साहेब, पाइप काढायचा कुठून?" जाऊन वर बघितलं, तर टॉयलेटकडून शाफ्टकडे जाणारी ११० मिमीची ड्रेनेज लाइन बरोबर मुख्य बीमच्या पोटात जात होती. बीममध्ये पाइपसाठी स्लीव्ह, म्हणजे काँक्रीटआधी बसवायची आरपार नळी, सोडलेली नव्हती. कोअर कटिंगला, म्हणजे तयार काँक्रीटला भोक पाडायला, स्ट्रक्चरल कन्सल्टंटने ठाम नकार दिला आणि त्यांचं बरोबरच होतं. शेवटी लाइन बीमखालून घेतली, कॉरिडॉरचं फॉल्स सीलिंग तेवढं खाली आलं, आणि स्ट्रेचर ढकलत जाताना त्या पट्ट्यात छत अंगावर आल्यासारखं वाटतं ते कायमचं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की हा क्लॅश, म्हणजे मॉडेलमधली पाइप आणि बीमची टक्कर, आम्हाला आधीच सापडला होता. स्लॅब भरायच्या आधीच्या रिपोर्टात तो होता. पण त्या रिपोर्टात हजाराच्या वर क्लॅश होते, कुठला कोणी सोडवायचा हे लिहिलेलं नव्हतं, आणि स्लॅब कधी भरणार ही तारीख त्यात कुठेच नव्हती. मॉडेल करणारे मॉडेल करत होते, साइटवाले साइट चालवत होते.

तेव्हापासून मी को-ऑर्डिनेशनचं सगळं काम एकाच प्रश्नावरून आखतो: काँक्रीट कधी पडणार? खालच्या सगळ्या पायऱ्या त्या प्रश्नाभोवतीच आहेत. (बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, इमारतीचं संगणकावरचं माहितीसकट त्रिमितीय मॉडेल. बीम आणि बीआयएम यांचा उच्चारात घोळ होतो, म्हणून मॉडेलिंगला इथे सगळीकडे बीआयएमच म्हटलं आहे.)

१. आधी काँक्रीटिंगचं वेळापत्रक मॉडेलला बांधा

साइट इंजिनिअरकडून पुढच्या तीन महिन्यांचं काँक्रीटिंगचं वेळापत्रक मागून घ्या. मोठा मजला एका दमात भरत नाहीत, त्याचे दोन-तीन पोअर असतात. प्रत्येक पोअरची हद्द ग्रिडवरून, म्हणजे कॉलमच्या नाव दिलेल्या रेषांवरून, मॉडेलमध्ये आखा आणि त्या हद्दीतल्या प्रत्येक बीमला, स्लॅबला, डक्टला, पाइपला एक पॅरामीटर द्या: "ले०३-पो२", म्हणजे तिसरी लेव्हल, दुसरा पोअर. एका माणसाचं दिवसभराचं काम आहे. पण त्यानंतर क्लॅशची यादी तारखेप्रमाणे लावता येते, आणि आज कुठल्या क्लॅशसाठी भांडायचं व कुठला महिनाभर थांबला तरी चालेल हे लगेच दिसतं.

नागपूर मेट्रोच्या कामात महामेट्रोने ५डी बीआयएम वापरलं, म्हणजे त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च दोन्ही जोडले. आठ मजल्यांच्या इमारतीला तेवढी यंत्रणा लागत नाही. पण घटकाला तारीख चिकटवण्याची त्यातली मूळ गोष्ट एका पॅरामीटरने आणि एक्सेलच्या एका शीटने साधते.

मग उलटी मोजणी करा. मी चालतो तो हिशोब असा: काँक्रीटच्या सहा आठवडे आधी त्या पोअरची आर्किटेक्चर, स्ट्रक्चर, एचव्हीएसी (एसी आणि हवेची यंत्रणा), प्लंबिंग, फायर आणि इलेक्ट्रिकल अशी सगळी मॉडेल आलेली हवीत. पुढच्या तीन आठवड्यांत क्लॅशच्या तीन फेऱ्या. तीन आठवडे उरले की स्लीव्ह आणि कटआउट फ्रीझ. त्यांचं वेगळं ड्रॉइंग स्ट्रक्चरल कन्सल्टंटची सही होऊन दहा दिवस आधी साइटवर पोचलंच पाहिजे, कारण बीमची सळई बांधून झाल्यावर स्लीव्ह घुसवायची म्हणजे रिंगा कापायच्या.

पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब असेल तर या सगळ्याला आणखी दोन आठवडे जोडा. तिथे टेंडनची, म्हणजे ताण दिलेल्या पोलादी तारांची, जागा मॉडेलमध्ये असायलाच हवी. ताण दिलेल्या स्लॅबमध्ये नंतर कोअर मारताना टेंडन तुटला तर ती दुरुस्ती साधी नसते, आणि जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ असतो.

२. सगळी मॉडेल एकाच जागी, एकाच उंचीवर बसवा

पहिल्याच आठवड्यात हे केलं नाही तर पुढचा प्रत्येक क्लॅश रिपोर्ट संशयाचा.

ए आणि १ या ग्रिडलाइन जिथे छेदतात तो बिंदू सगळ्यांनी मूळ बिंदू म्हणून धरा. प्रत्येक शाखेच्या मॉडेलरला त्या छेदावर, तळमजल्याच्या लेव्हलला, एक फूटभर आकाराचा घन ठेवायला सांगा. सगळ्या फाइली एकत्र उघडल्या की सहा घन एकमेकांत विरघळून एकच दिसला पाहिजे. दोन दिसले तर कुठल्या शाखेची फाइल सरकली हे पाच मिनिटांत कळतं. तपासणी झाली तरी ते घन काढून टाकू नका. तीन महिन्यांनी कोणीतरी नवी फाइल जोडताना ते पुन्हा उपयोगी पडतात.

सर्व्हेअरने दिलेले खरे कोऑर्डिनेट थेट मॉडेलच्या भूमितीत टाकू नका. पुण्याचं यूटीएम नॉर्दिंग (नकाशावरचं विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर) २० लाख मीटरच्या वर आहे, आणि रेव्हिट या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भूमिती अंतर्गत मूळ बिंदूपासून १६ किलोमीटरच्या आत राहायला हवी. त्यापलीकडे गेली की रेषा थरथरतात, मापं डळमळतात. इमारत मूळ बिंदूजवळच ठेवा आणि सर्व्हेचे आकडे शेअर्ड कोऑर्डिनेट्समधून जोडा.

आणि उंची. आमच्याकडच्या मॉडेलमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक हीच आहे. आर्किटेक्ट लेव्हल धरतो ती एफएफएल, म्हणजे फरशी बसल्यानंतरची. स्ट्रक्चरल इंजिनिअर धरतो एसएसएल, म्हणजे नुसत्या स्लॅबचा माथा. फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून ७५ मिमीचा फरक. प्लंबिंगच्या मॉडेलरने आर्किटेक्टच्या फाइलमधून लेव्हल कॉपी केल्या आणि पाइपची उंची स्लॅबवरून मोजली, की त्याचं सगळं जाळं ७५ मिमी चुकीच्या उंचीवर लटकतं. मॉडेल दिसायला नीटनेटकं असतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. दोन्ही लेव्हल वेगवेगळ्या नावांनी ठेवा आणि कुठल्या शाखेने कुठली धरायची ते लिहून द्या. टॉयलेटचा संकन (खाली घेतलेला) स्लॅब, लिफ्टसमोरची जाड ग्रॅनाइट, टेरेसचं वॉटरप्रूफिंग या जागी फरक वेगळा असतो, त्या स्वतंत्र नोंदवा.

३. कोणी काय आणि किती काढायचं

मॉडेलमध्ये घटक किती तपशिलात काढायचा त्याची पातळी म्हणजे एलओडी. "एलओडी ३००" असं करारात लिहून मोकळं होणं पुरत नाही. को-ऑर्डिनेशनला एलओडी ३५० लागतं, कारण त्या पातळीवर एक घटक दुसऱ्याला कुठे टेकतो, कुठे लटकतो, हे मॉडेलमध्ये येतं. साध्या भाषेत मागणी करा: डक्टला इन्सुलेशन आणि फ्लँज दाखवा, ड्रेनेजच्या पाइपला खरा उतार द्या, केबल ट्रेला हँगर दाखवा, व्हॉल्व्हचं हँडल फिरायला लागणारी जागा दाखवा. पाइप सरळ आडवा काढून "उतार साइटवर देतील" म्हणणारं प्लंबिंग मॉडेल मी परत पाठवतो. ९ मीटरच्या लाइनला १:६० उतार दिला की पाइपचं शेवटचं टोक १५० मिमी खाली येतं. ते १५० मिमी सीलिंगवरच्या जागेतूनच जाणार.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. बरेचदा स्ट्रक्चर चौथ्या मजल्यावर पोचतं तेव्हा कुठे एचव्हीएसीचा कॉन्ट्रॅक्टर ठरतो. तोपर्यंत मॉडेल कन्सल्टंटचं असतं. कॉन्ट्रॅक्टर आला की मशिनचा मेक बदलतो, डक्टचं माप बदलतं, आणि सोडलेले कटआउट चुकीचे ठरतात. ही नेमणूक लवकर करा असं मालकाला सांगत राहायचंच. पण ती होईपर्यंत कन्सल्टंटच्या डक्टभोवती मॉडेलमध्ये एक राखीव पट्टा काढा, डक्टपेक्षा चारही बाजूंनी ५० मिमी मोठा, आणि इतर सगळ्यांना त्यात शिरायला मनाई करा. कटआउटही त्या पट्ट्याच्या मापाने सोडा. नंतर उरलेली फट बुजवणं सोपं, स्लॅब फोडणं अवघड.

फाइली कुठे ठेवायच्या? बीआयएमची माहिती सांभाळण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १९६५०, त्याचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले, त्यातली चार अवस्थांची रचना आपल्याला पुरते: चालू काम, शेअर केलेलं, प्रकाशित आणि जपून ठेवलेलं. क्लॅश टेस्ट फक्त शेअर केलेल्या फाइलींवर, साइटवर काम फक्त प्रकाशित ड्रॉइंगवर. व्हॉट्सॲपवर आलेल्या ड्रॉइंगच्या फोटोवरून कोणी स्लीव्ह लावायची नाही, हा नियम साइट ऑफिसच्या दारावर मोठ्या अक्षरात चिकटवा. फोटोवर रिव्हिजन नंबर कापला गेलेला असतो, आणि सुपरवायझरच्या फोनमध्ये तो फोटो वर्षभर राहतो.

४. सॉफ्टवेअर उघडण्याआधी सीलिंगवरचं गणित कागदावर करा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ देतो. इथे दोन तास दिले की पुढचे शेकडो क्लॅश जन्मालाच येत नाहीत.

एक कॉरिडॉर घ्या. स्लॅबपासून स्लॅबपर्यंत ३९०० मिमी. बीमची स्लॅबसकट उंची ६००, म्हणजे बीमचा तळ खालच्या स्लॅबपासून ३३०० वर. फरशीचे ७५ वजा करा, ३२२५ उरले. आर्किटेक्टला फॉल्स सीलिंग फरशीपासून २७०० वर हवं आहे. हातात राहिले ५२५. सीलिंगची फ्रेम आणि लाइट फिटिंग मिळून १०० खातात, उरले ४२५. आता डक्ट: ३०० उंचीचा, वर-खाली २५-२५ इन्सुलेशन, म्हणजे ३५०. फ्लँज आणि खालचा सपोर्ट अँगल यांना ५० धरा, झाले ४००. बीमखाली फक्त २५ मिमी शिल्लक. त्या जागी डक्टच्या वरून किंवा खालून ड्रेनेजची लाइन तर सोडाच, स्प्रिंकलरचा पाइपही जात नाही.

पण त्याच सेक्शनमध्ये दोन बीमच्या मधल्या खणाकडे बघा. स्लॅब १५० जाडीचा असेल तर स्लॅबच्या तळापासून बीमच्या तळापर्यंत ४५० मिमीचा खोल खण मोकळा आहे. बीमला समांतर जाणाऱ्या सगळ्या लाइन या खणात वर चढवा आणि बीमखालची जागा फक्त बीम ओलांडणाऱ्यांसाठी ठेवा. कॉरिडॉर, टॉयलेटचा पुढचा भाग, शाफ्टचं तोंड, इलेक्ट्रिकल रूमचं दार, अशा अडचणीच्या पाच-सहा जागांचे सेक्शन हाताने काढून सगळ्या कन्सल्टंटची त्यांच्यावर सही घ्या. मॉडेलर त्यानंतर बसवा.

त्याच बैठकीत कोण कोणाला वाट देणार हेही ठरवून टाका. उतारावर वाहणाऱ्या लाइन पहिल्या, कारण पाणी वर चढत नाही. त्यात एसीचा कंडेन्सेट ड्रेन धराच. बोटभर जाडीचा पाइप म्हणून तो शेवटी कुठेतरी घुसवला जातो, उतार मिळत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात सीलिंगवर पिवळे डाग उमटतात. त्यानंतर मोठे डक्ट, मग चिल्ड वॉटर आणि फायरचे मुख्य पाइप, मग केबल ट्रे, शेवटी स्प्रिंकलरच्या फांद्या आणि कंड्युट. केबल ट्रे पाण्याच्या पाइपखाली येणार नाही एवढं बघा.

एखादी लाइन बीममधूनच न्यावी लागली तर छिद्र साधारण बीमच्या उंचीच्या मध्यावर आणि आधारापासून लांब मागा. अंतिम जागा आणि जादा सळई स्ट्रक्चरल कन्सल्टंटच ठरवणार. ही परवानगी वेळेत मागितली तर सहसा मिळते.

५. क्लॅश टेस्ट: थोड्या, नेमक्या आणि त्याच क्रमाने

सगळ्यांची सगळ्यांशी टक्कर लावली की हजारांची यादी येते आणि ती कोणी वाचत नाही. माझा क्रम ठरलेला असतो. आधी स्ट्रक्चर विरुद्ध ड्रेनेज. मग स्ट्रक्चर विरुद्ध डक्ट. मग डक्ट विरुद्ध मोठे पाइप. हे तिन्ही मोकळे झाल्याशिवाय केबल ट्रे आणि स्प्रिंकलरकडे वळत नाही, कारण वरचा डक्ट हलला की खालचं सगळं पुन्हा हलतं. स्ट्रक्चरसाठी टॉलरन्स, म्हणजे दुर्लक्ष करायची टक्कर, १० मिमी ठेवतो. २५ मिमीपर्यंतचे कंड्युट टेस्टमध्ये घेतच नाही, ते वायरमन वळवून घेतो.

एकच डक्ट आठ बीमना लागत असेल तर तो एकच प्रश्न आहे, आठ क्लॅश नव्हेत. नेव्हिसवर्क्स या क्लॅश शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा एक गट करा आणि नाव कामाचं द्या: "ले०३-पो२, ग्रिड सी-४ ते सी-७, पुरवठा डक्ट बीमखाली बसत नाही." या एका ओळीवरून मीटिंगमध्ये चर्चा होऊ शकते. "क्लॅश ४१७" वरून होत नाही.

देखभालीची जागा विसरू नका. स्विचबोर्डासमोर १ मीटर मोकळी जागा विजेच्या सुरक्षा नियमांनीच मागितली आहे. एफसीयूचा (सीलिंगवरच्या एसी युनिटचा) फिल्टर खाली ओढायला जागा लागते, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचावा लागतो. या जागा पारदर्शक पेट्या म्हणून मॉडेलमध्येच काढा, म्हणजे त्यांच्यात कोणी शिरलं की टेस्ट ओरडते.

एक धोका जपा. नेव्हिसवर्क्स एखादा क्लॅश पुढच्या फेरीत सापडला नाही की त्याला आपोआप "रिझॉल्व्ह्ड" ठरवतं. पण पाइप हलवल्यामुळे तो गेला, की कोणी पाइपच पुसून टाकला, की एखादी फाइल लोडच झाली नाही, यातला फरक त्याला कळत नाही. एकदा एका रात्रीत आमचे दोनशे क्लॅश सुटले. सकाळी बघितलं तर फायरची लिंक तुटलेली होती. म्हणून प्रत्येक फेरीआधी किती फाइली लोड झाल्या ते मोजा, आणि सुटलेल्यांपैकी आठ-दहा डोळ्यांनी तपासा. प्रत्येक आठवड्याची एनडब्ल्यूडी फाइल तारखेच्या नावाने जपून ठेवा. एनडब्ल्यूएफ फक्त दुवे सांभाळतं, एनडब्ल्यूडी त्या दिवशीचं चित्र गोठवतं. "आम्हाला हे दाखवलंच नव्हतं" या वादात तेच कामी येतं.

महागडं सॉफ्टवेअर परवडत नसेल तर अडून बसू नका. सगळ्यांकडून आयएफसी फाइल (कुठल्याही बीआयएम सॉफ्टवेअरला चालणारा खुला फॉरमॅट) मागा आणि ब्लेंडरवर चालणारं मोफत बॉन्साय वापरून बघा. साइटवाल्यांना मॉडेल फक्त बघायचं असेल तर मोफत नेव्हिसवर्क्स फ्रीडममध्ये एनडब्ल्यूडी उघडतं.

६. बैठक निर्णयाची

दर आठवड्याला एकाच वारी, दीड तास. सोमवारी संध्याकाळपर्यंत फाइली शेअर, मंगळवारी टेस्ट आणि गट, बुधवारी बैठक, शनिवारपर्यंत दुरुस्ती. बैठकीत क्लॅश शोधायचे नाहीत, फक्त सोडवायचे. दोन मॉडेलर आपसात मिटवू शकतात ते मंगळवारीच फोनवर मिटवा. बुधवारी फक्त तेवढेच आणा ज्यांत कोणाचा तरी हट्ट, पैसा किंवा सीलिंगची उंची अडकली आहे.

खोलीत "हो" म्हणण्याचा अधिकार असलेली माणसं हवीत. ज्युनिअर मॉडेलर "सरांना विचारून सांगतो" म्हणत असेल तर सरांनाच तेवढ्या अर्ध्या तासापुरतं स्क्रीनवर घ्या. साइटचा एक सिनिअर फोरमनही बोलवा. पाना फिरवायला हात कुठून घालायचा हे त्याला कळतं, आणि त्याचं म्हणणं मी बाकीच्यांना मुद्दाम ऐकायला लावतो.

प्रत्येक मुद्द्यापुढे तीन गोष्टी लिहिल्याशिवाय पुढच्या मुद्द्यावर जायचं नाही: निर्णय काय, कोण बदल करणार (कंपनीचं नाव पुरत नाही, माणसाचं लिहा), आणि कुठल्या पोअरच्या फ्रीझपूर्वी. बीसीएफमधून (मॉडेलमधले मुद्दे पाठवायच्या खुल्या फॉरमॅटमधून) हे मुद्दे पाठवले तर मॉडेलर थेट त्याच कॅमेऱ्यातून ती जागा उघडतो, शोधत बसत नाही.

७. शटरिंगवर आणि त्यानंतर

काँक्रीटच्या दोन दिवस आधी स्लीव्हचं ड्रॉइंग आणि टेप घेऊन स्वतः शटरिंगवर चढा. प्रत्येक स्लीव्हचा व्यास, ग्रिडपासून अंतर, बीमच्या तळापासून उंची मोजा, जुळली की रंगाची खूण करा. स्लीव्ह रिंगांना घट्ट बांधली आहे का, तोंडं चिकटपट्टीने बंद आहेत का, हे बघा. व्हायब्रेटर लागला की सैल स्लीव्ह सरकते आणि उघड्या तोंडातून आत स्लरी भरते. खुणा केलेल्या त्या कागदावर साइट इंजिनिअर आणि प्लंबिंग सुपरवायझर दोघांची सही घ्या, आणि ती झाल्याशिवाय पोअर कार्ड, म्हणजे काँक्रीटच्या परवानगीचा कागद, पुढे सरकू देऊ नका.

सेंटरिंग उतरलं की टोटल स्टेशनने (सर्व्हेच्या मोजणी यंत्राने) बीमचे तळ आणि कॉलमच्या कडा मोजून घ्या. मॉडेलमधला बीम सरळ असतो. साइटवरचा कुठे १५ मिमी खाली आलेला असतो, कुठे फुगलेला. डक्टला वर फक्त २५ मिमी राहिले होते, आठवतं? ते तिथे संपतात. मोजलेले आकडे स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्ये भरा आणि डक्ट कारखान्यात कापायला जाण्याआधी त्या पोअरची टेस्ट आणखी एकदा चालवा.

सगळ्यात शेवटी, फॉल्स सीलिंगचे बोर्ड चढण्याआधी, प्रत्येक खणाचा वर तोंड करून फोटो काढा, ग्रिडचं नाव चुन्याने स्लॅबवरच लिहून, म्हणजे ते फोटोत येतं. मॉडेलशी जुळत नाही ते त्याच आठवड्यात मॉडेलमध्ये दुरुस्त करा. बोर्ड लागल्यावर व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे हे सांगणारी तीच एक जागा उरते, आणि रात्री दोन वाजता वॉर्डात पाणी गळायला लागलं की देखभालीचा माणूस आधी तीच उघडणार असतो.